स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधील हिवाळी शिकारीचे कपडे: कोणते घ्यावेत आणि कोणते दुकानातच ठेवावेत

स्कॉटलंडमध्ये लाल हरणांच्या माद्यांची शिकार 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी या काळातच करता येते. पाडसे आईवर पूर्णपणे अवलंबून असतात ते महिने वगळून हा हंगाम ठरवलेला आहे, आणि त्यामुळे वर्षातील सर्वांत ओला, सर्वांत गार व सर्वांत अंधारा काळ नेमका शिकाऱ्याच्या वाट्याला येतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय जवळजवळ संपला असला, तरी येथे परिस्थिती वेगळी आहे. लांडगे कित्येक पिढ्यांपूर्वी नामशेष झाल्यामुळे हरणांवर नैसर्गिक अंकुश उरलेला नाही, रानातील कोवळी रोपे ती वाढू देत नाहीत, आणि म्हणून दर हिवाळ्यात ठरलेल्या संख्येने माद्या मारणे हे डोंगराच्या देखभालीचेच काम मानले जाते. या कामासाठी मी जे कपडे वापरतो किंवा वापरून पाहिले आहेत, त्यांचे हे परीक्षण आहे. येथील इस्टेटींवर, म्हणजे शिकारीच्या मोठ्या खासगी जमिनींवर, पाहुणे म्हणून शिकारीला जाण्याचा विचार करणारे मराठी वाचक आता ब्रिटनमध्ये आहेत, त्यांना ते उपयोगी पडावे.

आपल्याला पावसाची ओळख करून द्यावी लागत नाही. महाबळेश्वरला पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढे पाणी पडते, तेवढे हायलँड्सच्या पश्चिम बाजूला वर्षभरातही बहुतेक ठिकाणी पडत नाही. परंतु सह्याद्रीत भिजलेला माणूस सहसा गारठून मरत नाही आणि येथे मरू शकतो, कारण येथे पाऊस दोन-चार अंश तापमानात, सतत वाऱ्यासह आणि आडवा येतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे कोरड्या बर्फाळ दिवसापेक्षा असा भिजट दिवस शरीरावर अधिक कठीण जातो. त्यात शिकारीचा दिवस दोन परस्परविरोधी भागांचा असतो. आधी दोन-तीन तास तीव्र चढ असतो आणि त्यात माणूस घामाने भिजतो. नंतर कळप दिसला की पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीच्या, ओल्या जमिनीवरून सरपटत जायचे आणि योग्य जनावर मोकळ्यावर येईपर्यंत, कधी कधी तासभर, त्याच चिखलात निश्चल पडून राहायचे. कपडे निवडायचे ते या दुसऱ्या भागासाठी, असे माझे ठाम मत आहे. दुकाने मात्र ते बहुतेक वेळा पहिल्या भागासाठी, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुसत्या पावसासाठी विकतात.

जॅकेटच्या चिठ्ठीवर दहा हजार किंवा वीस हजार मिलिमीटर असा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पाण्याचा किती उंच स्तंभ ते कापड रोखून धरील, एवढेच त्यावरून कळते. आत साचलेल्या घामाचे काय होईल आणि ते कापड हीदरच्या झुडपांवर घासले गेले की किती आवाज करील, या शिकाऱ्याच्या दोन्ही प्रश्नांवर तो आकडा मौन पाळतो.

गोअर-टेक्स आणि तत्सम पातळ पडद्याच्या जॅकेटांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण प्रथम तीच घेतात. 1969 मध्ये बॉब गोअर यांनी ताणून सच्छिद्र केलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉन या प्लास्टिकचा) हा शोध खरोखरच मोठा आहे. पाणी आत न येता वाफ बाहेर जाते, हे तत्त्व खोटे नाही. मात्र त्यासाठी बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब ठरू न देणारा लेप शाबूत असावा लागतो. हीदर, दगड आणि रायफलचा पट्टा यांच्या घर्षणाने तो झिजला की बाहेरचे कापड पाणी पिते, वाफेचा मार्ग बुजतो आणि आतला घाम आतच थंड होतो. त्याहून मोठा दोष आवाजाचा आहे. तीन थरांचे कडक जॅकेट कोपर वाकवताच चुरचुरते, आणि माणसाला ऐकू न येणारे उच्च स्वरही हरणांना ऐकू येत असल्यामुळे शेवटच्या दीडशे मीटरांत हा दोष पुरेसा ठरतो. मासेमारीला, पायी भटकंतीला, बोटीवर हे जॅकेट उत्तम आहे. सरपटण्यासाठी ते मी कोणालाही सुचवणार नाही.

माझी पसंती पारामो या ब्रिटिश कंपनीच्या हॅल्कन जॅकेटला आहे. ते मुळात पक्षिनिरीक्षक आणि वन्यजीव छायाचित्रकार यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे, म्हणजे ज्यांना शिकाऱ्याप्रमाणेच तासन्‌तास गप्प बसावे लागते त्यांच्यासाठी. या कापडात पडदा नाही. बाहेर वारा अडवणारे मऊ, पातळ कापड आणि आत बारीक तंतूंचे अस्तर अशी त्याची रचना असून, जनावराच्या अंगावरील केसांप्रमाणे ते पाणी सतत बाहेरच्या दिशेने ढकलत राहते. त्यामुळे घामाची वाफच काय, साचलेले थेंबही बाहेर निघतात, आणि चढ संपवून आडवे झाल्यावर अर्ध्या तासात पाठ कोरडी लागते. हा अनुभव पडद्याच्या कोणत्याही जॅकेटमध्ये मला आलेला नाही. कापड मऊ असल्याने ते झुडपांवर घासले तरी जेमतेम सळसळते. दुर्बीण सहज मावेल एवढे खिसे आहेत आणि मळकट हिरवा रंग डोंगराला शोभतो.

या रचनेच्या मर्यादाही खरेदीपूर्वी समजून घ्याव्यात. पडदा नसल्यामुळे दाबाखाली पाणी आत शिरू शकते, म्हणजे कोपर आणि छाती ओल्या पीटवर दाबून बराच वेळ पडून राहिल्यास तेथे ओल जाणवणे स्वाभाविक आहे. यावर उपाय सोपा आहे: छातीखाली घालायला बंद पेशींच्या फोमचा छोटा तुकडा पिशवीत ठेवावा. दुसरे असे की अस्तरामुळे हे जॅकेट मुळातच उबदार आहे, त्यामुळे सप्टेंबरमधील उन्हाळी चढाला ते जड होते. तिसरे, हे जॅकेट नेहमीच्या धुलाई पावडरीने धुऊ नये. साबणाच्या खास द्रावणाने धुऊन अधूनमधून त्याला जलरोधक द्रव पुन्हा द्यावा लागतो. ही देखभाल टाळणाऱ्याने काही शे पौंड या जॅकेटवर घालू नयेत. जो करतो त्याला मात्र ते अनेक वर्षे साथ देते, कारण येथे झिजून निकामी होईल असा पडदाच नाही.

शांततेच्या कसोटीवर याहून सरस असे एकच कापड मला ठाऊक आहे, ते म्हणजे व्हेंटाइल. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ते तयार झाले. आर्क्टिक समुद्रात विमान सोडून पाण्यात उतरावे लागणाऱ्या वैमानिकांना थोडा अधिक वेळ जिवंत राहता यावे हा त्यामागील हेतू होता. लांब धाग्याचा कापूस इतका दाट विणलेला असतो की भिजल्यावर धागे फुगून छिद्रे बंद होतात. कोरडे असताना ते जवळजवळ निःशब्द असते. पण दिवसभराच्या पावसात ते ताठर आणि जड होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच घालायचे असेल तर एका रात्रीत वाळेल याची खात्री नसते. एकाच दिवसाच्या शिकारीला, त्यातही हिमवर्षावात, ते अप्रतिम आहे. मेणकापडाच्या जॅकेटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: थंडीत ते कडक होते, घाम अडवते, आणि त्याची जागा गाडीत व कुत्र्यांच्या फेरीत आहे.

कमरेखाली मात्र नव्या तंत्रज्ञानापेक्षा जुनी लोकरच चांगली, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. येथील इस्टेटींचे स्टॉकर, म्हणजे शिकाऱ्याला हरणापर्यंत नेणारे वाटाडे, अजूनही ट्वीडच्या (जाड लोकरी कापडाच्या) गुडघ्याखाली संपणाऱ्या विजारी घालतात, आणि पाहुण्यांना वाटते तशी ती परंपरेची हौस नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी शोषूनही ओली वाटत नाही आणि पूर्ण भिजल्यावरही ऊब सोडत नाही. पावसात डोंगरावर राहणारा धनगर घोंगडी का पांघरतो, याचे कारण हेच आहे. विजार आखूड असल्याने ओल्या गवतातील पाणी कापडातून वर चढत नाही, खाली फक्त मोजे भिजतात आणि ते बदलता येतात. हॅरिस ट्वीड घ्यायचे असल्यास 1993 च्या कायद्याप्रमाणे ते आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या व कातलेल्या लोकरीपासून तेथील विणकरांनी घरीच हातमागावर विणलेले असावे लागते, आणि त्यावर गोल व क्रुसाची खूण असते. कोटासाठी ते देखणे आहे. विजारीसाठी मी त्याहून जाड व घट्ट विणीचे ट्वीड शिवून घेईन, कारण दगडांवर गुडघे लवकर घासतात.

अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर असावा. सुती गंजिफ्रॉक, सुती अंतर्वस्त्रे आणि जीन्स घरी ठेवावीत; भिजलेला कापूस ऊब देत नाही आणि वाळतही नाही. पिशवीत कृत्रिम तंतू भरलेले एक जाकीट असावे आणि पडून राहण्याची वेळ येताच, हुडहुडी भरण्याची वाट न पाहता, ते बाहेरच्या जॅकेटवरूनच चढवावे, म्हणून ते एक माप मोठे घ्यावे. पिसांचे जाकीट कितीही हलके असले तरी या हवामानात नको, कारण ओली पिसे गोळा होऊन बसतात. पायांत चामड्याचे घोट्यापर्यंतचे बूट आणि त्यावर गेटर, म्हणजे बुटापासून नडगीपर्यंतचे आवरण. गमबूट सपाट दलदलीत ठीक असले तरी तीव्र उतारावर मेलेले हरीण ओढून आणताना घोट्याला आधार देत नाहीत.

हातांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. बधिर बोटाला चापाचा दाब कळत नाही; ज्याला तो कळत नाही त्याने रायफल उचलू नये. चालताना जाड लोकरीचे मिटन, नेम धरताना बोटांची टोके मोकळी ठेवणारे पातळ हातमोजे, आणि दोन्हींची कोरडी जोडी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत: यात काटकसर करू नये.

छद्मरंगाच्या कपड्यांवर अधिक पैसे देण्याची गरज नाही. हरणांना तांबडा रंग नीट वेगळा ओळखता येत नाही, मात्र निळा व अतिनील प्रकाश ती आपल्यापेक्षा चांगला पाहतात. त्यामुळे पाने-फांद्यांच्या छपाईपेक्षा धुलाई पावडरीतील चमक आणणारी द्रव्ये टाळणे अधिक महत्त्वाचे ठरते. उघडा चेहरा, हालचाल आणि क्षितिजावर उभी राहिलेली आकृती यांनी शिकारी पकडला जातो, म्हणून पुढे छज्जा असलेली लोकरी टोपी घ्यावी. ती दुर्बिणीच्या काचांवर पडणारा पाऊसही अडवते.

रायफलच्या नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा, म्हणजे पाणी आणि पीट आत जात नाहीत. दुर्बिणीच्या झाकणांना दोरी असावी. जे पहिल्यांदाच पाहुणे म्हणून जात आहेत त्यांनी जॅकेट लगेच विकत घेऊ नये. इस्टेटीला आधी विचारावे, कारण अनेक ठिकाणी ट्वीडचा जादा कोट व विजार पाहुण्यांसाठी ठेवलेली असते आणि रायफलही स्टॉकरच देतो. पैसे आधी बूट, मेरिनो आणि हातमोजे यांवर खर्च करावेत, आणि बूट निदान महिनाभर आधी घेऊन ओल्या चढावर चालून पायाला बसवून घ्यावेत.