विमानं झकास, ‘जोड्या लावा’मध्ये नापास

तीन वर्षं हा खेळ जवळजवळ रोज रात्री खेळतोय. नाव घेत नाही, कारण पुढे बरीच कुरकुर आहे आणि दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवणाऱ्या बहुतेक ऑनलाइन खेळांना ती थोड्याफार फरकाने लागू पडेल. पाचपैकी तीन तारे.

तिन्ही तारे विमानांचेच. पहिल्याच आठवड्यात १९४०चं ब्रिटिश स्पिटफायर मार्क १ घेऊन एका जर्मन मेसरश्मिट १०९ ईच्या शेपटीला लागलो होतो. त्याने नाक दाबून सरळ खाली सूर मारला. मीही स्टिक पुढे ढकलली, तर माझं इंजिन खोकलं, बंद पडल्यासारखं झालं आणि तो गेला निघून. मला वाटलं, खेळ अडकला. मग कळलं की स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला पेट्रोल कार्ब्युरेटरमधून मिळतं आणि नाक झटक्यात खाली गेलं की पुरवठा तुटतो. जर्मन इंजिनात थेट इंजेक्शन, त्याला फरक पडत नाही. तेव्हाचे वैमानिक आधी विमान कुशीवर उलटं करायचे आणि मग खाली ओढायचे. १९४१मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत एक छोटी चकती बसवून या दुखण्यावर बराच उतारा दिला. एवढं बारीक काम खेळात उतरवणाऱ्यांना माझा सलाम.

गाडी अडते ती जोड्या लावताना. इथे प्रत्येक विमानाला एक आकडा आहे आणि जवळपासच्या आकड्यांची विमानं एकमेकांसमोर येतात. हा आकडा ठरतो लोक त्या विमानात किती जिंकतात यावरून. म्हणजे परीक्षा विमानाची आणि पेपर लिहिणार चालवणारा!

जपानी झीरोचं बघा. नवखे लोक अमेरिकी वाइल्डकॅट घेतात, झीरोसोबत गरगर वळत बसतात आणि मरतात. झीरोचा निकाल सुधारतो, आकडा चढतो. मग १९४०चं डिझाइन असलेलं हे हलकं विमान, चिलखत नाही, पेट्रोलची टाकी गोळी लागताच पेटणारी, २० मिमीच्या प्रत्येक तोफेला जेमतेम ६० गोळ्या, १९४३च्या अमेरिकी हेलकॅटसमोर उभं केलं जातं. आणि वाइल्डकॅट बिचारं ‘कमजोर’ म्हणून खालच्या इयत्तेत.

ते कमजोर नाही, हे मला पुतण्यासोबत खेळताना कळलं. अमेरिकी नौदलातल्या जॉन थॅचने टेबलावर काड्या मांडून एक युक्ती बसवली होती, ती १९४२च्या जूनमध्ये प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईत वापरली गेली. दोन विमानं शेजारी अंतर ठेवून उडतात. एकाच्या मागे झीरो लागला की दोघंही एकमेकांच्या दिशेने वळतात आणि पाठलाग करणारा जोडीदाराच्या मशीनगनसमोर येतो. हेडफोनमध्ये पुतण्या ओरडतो, “काका, आता!” मी डावीकडे, तो उजवीकडे. पहिल्या चार वेळा एकमेकांवर आदळलो. पाचव्यांदा झीरो समोर आला तो इतका जवळ की नेम धरावाच लागला नाही. आता सांगा, हे बळ आकड्यात कुठे बसवणार?

दुसरं दुखणं खोल आहे. १०९ ईची खरी अडचण पेट्रोल होती. इंग्लिश खाडी ओलांडून लंडनवर आलं की लढायला काही मिनिटंच उरायची. खेळात नकाशा लहान, सामना वीस मिनिटांत आटपतो, त्यामुळे ती अडचण गायब. स्पिटफायरचा खोकला मात्र राहिला! जर्मन जेट मेसरश्मिट २६२चंही तेच. १९४४-४५मध्ये अमेरिकी मस्टँगवाले त्याला उतरताना गाठायचे. इथे धावपट्टीभोवती विमानविरोधी तोफा, कुणाची टाप नाही तिकडे जायची. सामन्यात मावतील तेवढेच दोष राहतात, बाकीचे माफ.

मग सालानुसार जोड्या लावा म्हणणारे भेटतात. लावून पाहिल्या खेळ बनवणाऱ्यांनी, एका शनिवार-रविवारी. १९४१ संपतानाचं जर्मन फॉके-वुल्फ १९० विरुद्ध स्पिटफायर मार्क ५. प्रत्यक्षात १९४२च्या जुलैत मार्क ९ येईपर्यंत ब्रिटिशांनी मारच खाल्ला होता. खेळात अर्ध्या तासात एका बाजूला ही रांग आणि दुसऱ्या बाजूला शुकशुकाट. हरायला कोण येणार?

मजा आली ती एकाच प्रकारात. एका बाजूला बॉम्बफेकी विमानं आणि त्यांचे रक्षक, दुसरीकडे संख्येने कमी पण आधीच उंचावर असलेले अडवणारे. विमानं असमान, कामंही असमान, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत निकाल लटकलेला. हा प्रकार कायमचा ठेवला असता तर चौथा तारा दिला असता. दोन दिवसांत काढून टाकला.

जेट खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: सोव्हिएत मिग-१५ आणि अमेरिकी सेबर ही जोडी नशिबाने जुळून आली आहे. मिग जास्त उंच चढतं, पण त्याची ३७ मिमीची आणि २३ मिमीच्या दोन तोफा यांचे गोळे वेगवेगळ्या वाकाने जातात. सेबरच्या सहा मशीनगन हलक्या, पण सुसाट वेगातही विमान हाताला वळतं.

परवाच्या अपडेटमध्ये झीरोचा आकडा आणखी एक पायरी वर गेला. पुतण्या म्हणाला, “काका, चला, वाइल्डकॅट काढा.”