पोत्याच्या कापडातून आलेला रंग: हा चोंग-ह्यून यांचं प्रदर्शन

सोलच्या आर्ट सोन्जे सेंटरमध्ये २०२५ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दक्षिण कोरियाचे चित्रकार हा चोंग-ह्यून ('हा' हे त्यांचं आडनाव) यांच्या १९५९ ते १९७५ या काळातल्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं. नावही त्यावरूनच, '५९७५'. लेकीकडे गेले होते, तिने आग्रह करून नेलं. अमूर्त चित्रं बघायची सवय असलेल्यांनी यावर पुष्कळ लिहिलं असेल. मी लिहितेय ती कापडासाठी. सांगलीत आमचं बारदानाचं दुकान आहे, आणि या माणसाने आपलं मोठं काम पोत्याच्या कापडावर केलंय.

सुरुवातीची काळपट, जाड थरांची चित्रं मी भरभर पाहिली. कोरियन युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाची ती आहेत, हे कळतं. पण तशी चित्रं त्या काळात अनेकांनी काढली असावीत असं वाटत राहतं. साठच्या दशकाच्या शेवटची भौमितिक, झगझगीत रंगांची चित्रं देखणी आहेत. त्यांच्यापुढेही मी फार रेंगाळले नाही.

पाय थांबले ते काटेरी तारेपाशी. १९७२ मध्ये तिथे लष्करशहा पार्क चुंग-ही यांनी नवं संविधान आणून सगळी सत्ता स्वतःच्या हातात घेतली. त्याच सुमारास हा यांनी रंग बाजूला ठेवून कापडाला काटेरी तार गुंडाळली. कुठे तार कापडात रुतलीय, कुठे कापड ताणून धरलंय. त्यावर आणखी काही सांगावं लागत नाही.

मग १९७४ पासूनची 'कंजंक्शन' मालिका. युद्धानंतर अमेरिकेची धान्याची मदत पोत्यांतून यायची. चांगला कॅनव्हास महाग होता, हे जाडंभरडं कापड हाताशी होतं. त्यांनी ते चौकटीवर ताणलं आणि घट्ट तैलरंग मागच्या बाजूने लाकडी पट्टीने दाबून विणीतून पुढे काढला. पुढे आलेल्या रंगावर मग कधी हात फिरवला, कधी तो तसाच राहू दिला.

आमच्याकडे नवा माल आला की आम्ही बारदान उजेडाला धरून वीण बघतो. चित्रंही मी तशीच बघितली, अगदी जवळ जाऊन, बाजूला उभी राहून. जिथे वीण सैल, तिथे रंगाचा दाणा टपोरा. जिथे धागा जाड किंवा गाठीचा, तिथे रंग अडलाय, फक्त कडेने डोकावतोय. म्हणजे रंग किती यायचा हे अर्धं चित्रकाराच्या हातात आणि अर्धं कापडाच्या. तीन हात लांबून सगळं एकसारखं पांढुरकं किंवा मातकट दिसतं, आणि बरेच लोक तेवढंच पाहून पुढे जात होते. मला फार वाईट वाटलं. या चित्रांत बघण्यासारखं जे आहे ते वीतभर अंतरावर आहे.

लेकीने विचारलं, "आई, यात तुला एवढं काय दिसतंय?" मी तिला हळदीचं पोतं आठवायला सांगितलं. भुकटी भरून थप्पी लावली की दोन दिवसांत पोत्याच्या बाहेरच्या अंगावर पिवळी झाक येते, आणि शिवणीपाशी जास्त. बाहेरून कुणी रंग लावलेला नसतो. तिचं बालपण त्या थप्प्यांमध्ये गेलंय, मग तीही वाकून बघू लागली.

सांगलीला परतल्यावर दुकानात फोनवरचे फोटो दाखवले. आमच्याकडे वर्षानुवर्षं असलेले हमाल म्हणाले, "वैनी, ह्यो माल गळालाय की!" त्यांचं बघणं अचूक होतं. पोत्यातून बाहेर आलं ते आमच्या धंद्यात नुकसान, वजनात घट. हा यांनी नेमकं तेच गळणं धरून ठेवलं, आणि पुढची पन्नास वर्षं त्याच एका रीतीवर काम करत राहिले. १९३५ चा जन्म, म्हणजे प्रदर्शनाच्या वर्षी वय नव्वद. एवढी निष्ठा मला कुठल्याही रंगसंगतीपेक्षा मोठी वाटते.

एक इच्छा मात्र राहिली. भिंतीवर टांगलेल्या चित्राची मागची बाजू दिसत नाही, आणि या चित्रांचं अर्धं काम तिथेच झालेलं आहे. पट्टीचा दाब कुठे पडला, रंग कुठे साचून राहिला, हे मला बघायचं होतं. एखादं चित्र खोलीच्या मधोमध उभं करून भोवती फिरू दिलं, तर ही रीत न वाचताही कुणालाही कळेल.

हे प्रदर्शन आता संपलं आहे. पण हा यांची चित्रं सोलच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाच्या आणि न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. ज्यांची मुलं-बाळं त्या बाजूला आहेत त्यांनी जाण्याआधी चौकशी करावी, कारण संग्रहातलं प्रत्येक चित्र नेहमी मांडलेलं नसतं. फोटोवर विसंबू नका. फोटोत रंग येतो, दाणा येत नाही.