इंकस्केपवर मराठी मुखपृष्ठं: काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठी ई-पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्र दुय्यम असतं, अक्षर मुख्य. वाचक मुखपृष्ठ पहिल्यांदा बघतो ते फोनवर, नखाएवढ्या आकारात. तिथे चित्राचा फक्त रंग कळतो, वाचलं जातं ते नाव. म्हणून मुखपृष्ठासाठी सॉफ्टवेअर निवडताना मी एकच बघते, ते देवनागरीशी कसं वागतं. गेले काही महिने इंकस्केप हे संगणकावर चित्रं आणि अक्षरं आखायचं सॉफ्टवेअर वापरतेय ते याच कारणासाठी, आणि इतक्यात सोडेन असं वाटत नाही.

मी कळव्याला राहते. स्वतःच्या दीर्घकथा किंडलवर देते. ऐरोलीच्या आत्याची कथामालिका फेसबुकवर चालते, तिच्या भागांची चित्रंही मीच करते. आधी हे सगळं फोनवरच्या एका तयार टेम्प्लेटच्या ॲपवर चालायचं. त्यात गुलाबांच्या चौकटी भरपूर होत्या, पण 'ऱ्या' लिहिला की 'र' आणि 'या' मधे हलन्त घेऊन वेगवेगळे उभे राहायचे. अक्षरांमधलं अंतर जरा वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे व्हायचे. इंग्रजी शीर्षकात अंतर वाढवलं की ते भारदस्त दिसतं, मराठीत शब्दच मोडतो. सोशल मीडियावरच्या कितीतरी कथांची नावं अशी तुटलेली दिसतात आणि दर वेळी वाईट वाटतं. लिहिणाऱ्याने जीव ओतून लिहिलेलं असतं.

इंकस्केप मोफत आहे, ओपन सोर्स आहे, 2003 पासून चालू आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. माझा लॅपटॉप जुना आहे, त्यावरही चालतं. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज फोन-संगणकावर सगळीकडे चालतं त्या अक्षरपद्धतीत असेल तर जोडाक्षरं, रफार, 'ऱ्या' सगळं बिनबोभाट बसतं, त्यासाठी कुठली सेटिंग शोधावी लागत नाही. मी नोटपॅडमध्ये टाइप करून इथे पेस्ट करते. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

खरी मजा त्याच्यापुढे आहे. आत्याच्या नव्या कथेचं नाव 'खाडीच्या दुसऱ्या किनाऱ्यावर'. उभ्या मुखपृष्ठावर हे नाव तीन ओळींतच बसतं, एका ओळीत एक शब्द. आता गंमत बघा: दुसऱ्या ओळीतल्या 'दु'चा उकार खाली उतरतो आणि तिसऱ्या ओळीतल्या 'कि'ची वेलांटी वर चढते, दोन्ही नेमके एकाखाली एक. ओळी जवळ घेतल्या की ते एकमेकांवर आदळतात. लांब ठेवल्या तर तीन शब्द तीन दिशांना गेल्यासारखे दिसतात. टेम्प्लेटच्या ॲपमध्ये यावर उपाय नाही, अक्षर लहान करायचं आणि गप्प बसायचं. इंकस्केपमध्ये मजकूर निवडून शिफ्ट-कंट्रोल-सी दाबलं की अक्षरांची आकृती होते, आणि मग नोड टूलने तिचा प्रत्येक बिंदू हलवता येतो. मी 'कि'ची वेलांटी थोडी उंच आणि रुंद केली, 'दु'च्या उकाराचं शेपूट आखडून तिच्या कमानीखाली घेतलं. दोन्ही ओळी एकमेकींत अडकून बसल्या आणि नावाचा एक घट्ट ठोकळा तयार झाला. आत्याने फोनवर बघून लगेच कळवलं, "अगं, आता 'दुसऱ्या' लांबूनसुद्धा वाचता येतंय. माझं नाव जरा खाली घे, चालेल."

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये फारशी येत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते, ती शेजारच्या अक्षरावर किंचित चढते म्हणून आपल्याला अखंड दिसते. अशा मजकुराला बाहेरून रंगीत कड दिली की शिरोरेषेत जागोजागी सांधे उघडे पडतात, पत्र्याच्या शेडला जोड दिसावेत तसे. उपाय सोपा आहे. मजकुराची आकृती करा, अनग्रुप करून अक्षरं सुटी करा, मग एका शब्दाचे सगळे तुकडे निवडून युनियन करा, म्हणजे ते जुळून एकच आकृती होते, आणि कड त्यानंतर द्या. सांधे जातात. आकृती केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची एक प्रत त्याच फाइलमध्ये लपवलेल्या लेअरवर ठेवते.

फॉन्टच्या बाबतीत आपण आज सुखी आहोत. गूगल फॉन्ट्सवर मोफत, व्यावसायिक कामालाही चालतील असे देवनागरी फॉन्ट भरपूर आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाड्यांत मिळतो, लेखकाच्या नावाला तो मी डोळे मिटून लावते. लांबलचक शीर्षकाला 'खंड' बरा, अंगाने अरुंद आहे. मुलांच्या गोष्टीला 'बलू', पत्ररूप कथेला 'कलम'. 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या आतली जागा चिरेएवढी उरते. मोठ्या आकारात तो देखणा दिसतो, छोट्या चित्रात मात्र नुसता गोळा. आणि 'यात्रा वन' माझा लाडका: मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवलाय. ठाणे स्टेशनावर रोज उतरणाऱ्या माणसाच्या गोष्टीला याहून योग्य अक्षर कुठलं असणार?

'ल' आणि 'श' यांच्याकडे मात्र लक्ष ठेवा. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही आपली मराठी वळणं आहेत, 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानेही तीच ठरवून दिली आहेत. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ती आत असतात, पण भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळलं तरच बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळणाचा दंडाचा 'ल' उमटतो. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये ही कटकट नाही, तो मराठीसाठी वेगळा काढलाय. गंभीर कथेला, चरित्राला तो शोभतोही. मराठी पुस्तकाच्या नावावर मराठी 'ल' असावा, एवढा आग्रह मी तरी धरते.

मापांचं फार नाही. किंडलवर पुस्तक द्यायची ॲमेझॉनची सेवा म्हणजे केडीपी, ती 1600 बाय 2560 पिक्सेल सुचवते, फाइल जेपेग किंवा टिफ लागते, पीएनजी चालत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीचं मुखपृष्ठ दुकानाच्या पांढऱ्या पानात विरघळतं, तेव्हा तीन-चार पिक्सेलची राखाडी कड द्यावी, असं त्यांच्याच सूचनांमध्ये आहे. इन्स्टाग्रामला 1080 चा चौकोन, स्टोरीला 1080 बाय 1920. इंकस्केपच्या 1.2 आवृत्तीपासून एका फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात आणि सगळी एकदम एक्स्पोर्टही होतात. मालिकेसाठी ही सोय फार मोलाची आहे. भागाचा आकडा बदलला की आत्याची सगळी मापं पाच मिनिटांत तयार.

त्याच एक्स्पोर्टमधून मी 160 बाय 256 ची एक चिमुकली प्रत काढते आणि ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून बघते. नाव वाचता आलं नाही तर परत कामाला लागायचं. शिवाय ती प्रत कृष्णधवल करूनही बघते, कारण साध्या किंडलचा ई-इंक पडदा रंग दाखवत नाही. भयकथांच्या मुखपृष्ठांवर काळ्यावर गडद लाल अक्षर हटकून असतं. राखाडीत ते दोन्ही रंग जवळजवळ एकच होतात आणि नाव गायब होतं. तेच लाल पार्श्वभूमीला द्या आणि अक्षर फिकट पिवळसर करा, भीती तेवढीच राहते.

फोटो शक्यतो स्वतःचाच वापरावा. खाडीच्या कथेसाठी आत्या आणि मी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात गेलो होतो. ओहोटीची वेळ होती, चिखल उघडा पडला होता आणि तिवरांच्या मागे इमारतींची रांग धुरकट दिसत होती. फोनच्या उभ्या फोटोत मुखपृष्ठाला पुरून उरतील एवढे पिक्सेल असतात. शीर्षकासाठी वरची आकाशाची जागा मोकळी सोडून फोटो काढला की पुढचं निम्मं काम वाचतं. नेटवरून कुणाचंही चित्र उचलू नका. ते ज्याने काढलं त्याचं असतं, आपल्या कथेवरचा हक्क जसा आपला. एआयकडून चित्र करून घेतलंत तर केडीपीवर पुस्तक देताना तसं कळवावं लागतं, मुखपृष्ठालाही तो नियम लागू आहे.

आता उणिवा. फोटो सुधारायचं काम इंकस्केपचं नव्हे, रंग आणि उजेड मी गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट करून मग फोटो इकडे आणते. आणताना 'एम्बेड' निवडावं. 'लिंक' ठेवलं आणि फोटोचं फोल्डर बदललं की चित्र गायब. अक्षरांमागे धूसर सावली दिली की जुना लॅपटॉप अडखळतो, म्हणून काम करताना फिल्टर न दाखवणारा डिस्प्ले मोड लावून ठेवते. पहिले काही दिवस मेनू परके वाटतात, धीर धरावा लागतो. आणि फोनवरच सगळं उरकायचं असेल तर हे सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही.

छापील प्रत काढणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. इंकस्केप पडद्याच्या आरजीबी रंगांत काम करतं, छपाईचे सीएमवायके रंग छापखान्याकडूनच जुळवून घ्यावे लागतात, विशेषतः गडद निळा आणि भडक हिरवा. त्यांना पीडीएफ देताना मजकुराची आकृती करून द्या. मग त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट असो-नसो, 'किनाऱ्यावर'मधला 'ऱ्या' जागचा हलणार नाही.