गेस्ट अकाउंट की पाहुण्यांसाठी साधं खातं?

दिवाळीत भाचरं नाशिकला आली की आमच्या गंगापूर रोडच्या घरातला कॉम्प्युटर त्यांचाच. मग प्रश्न येतो, त्यांना बसवायचं कुठल्या खात्यात?

गेस्टची सोय मोठी: पासवर्ड नाही, लॉगआउट केलं की सगळं साफ. पण कुंपण किती पक्कं? उबुंटूत (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) पूर्वी गेस्ट सेशनची सोय मुळातच चालू असे आणि त्याला आवरायचं काम अ‍ॅपआर्मरचं, म्हणजे प्रोग्रामना हद्दीत ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचं. 16.10 या आवृत्तीपासून ते बंधन लागूच होत नव्हतं. त्यात इतरांचे होम फोल्डर (ज्यात प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइली असतात) तेव्हा कुणालाही वाचता येत. म्हणजे पाहुणा ओसरीवर न बसता थेट माजघरात! 2017 मध्ये अपडेट देऊन गेस्ट सेशनच बंद केलं गेलं. विंडोजमध्ये हे खातं मुळात बंदच असतं. मॅकवर फाइलव्हॉल्ट, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी सोय, चालू असेल, तर पाहुण्याला फक्त सफारी ब्राउझर मिळतो.

अ‍ॅडमिन हक्क नसलेलं साधं खातं जरा कटकटीचं. डाउनलोडचा पसारा भाचरं गेल्यावर आपणच आवरायचा (दरवर्षी तोच मान माझा). पण कुणाला काय दिसेल ते आपल्या हातात राहतं. उबुंटूत 21.04 पासून नवे होम फोल्डर इतरांना बंद असतात. जुन्या फोल्डरची परवानगी 750 (मालकाला सगळं, त्याच्या गटाला फक्त बघणं, इतरांना काहीच नाही) करून घ्यावी.

मॅक असता तर मी गेस्टच दिलं असतं. आमच्या उबुंटूवर मात्र ‘भाचरं’ नावाचं साधं खातं आहे.