पोलीस पेन्शन: ट्रेझरी चोख, सेवापुस्तक ढिलं

महाराष्ट्र पोलिसांची पेन्शन एका खिडकीवर मिळत नाही. घटक कार्यालयाची आस्थापना शाखा, वेतनपडताळणी पथक, महालेखापाल आणि कोषागार (ट्रेझरी) अशा चार दारांतून केस जाते. चौघांना सरसकट एकच गुण देणं बरोबर नाही. शेवटची दोन दारं चांगली, दुसरं ठीक आणि पहिलं जेमतेम पास. लोक वैतागतात ट्रेझरीवर, पण केस अडकलेली असते बहुधा पहिल्याच दारात.

आधी पात्रता. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू, म्हणजे जुनी पेन्शन. त्या तारखेला किंवा नंतर नेमणूक असेल तर अंशदान योजना, म्हणजे पगारातून हप्ते जमा होणारी आजची एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). यात एक फट होती. भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आणि नेमणूक नंतरची, अशांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा एकवेळचा पर्याय मिळाला. मुदत सहा महिन्यांची होती. पर्याय दिलेल्यांनी आता एकच पाहायचं: मंजुरीचा आदेश सेवापुस्तकात चिकटवला आहे का, आणि त्याखाली कार्यालयप्रमुखाची सही आहे का. आदेश नुसता फाईलला राहिला तर निवृत्तीच्या वेळी पुन्हा शोधाशोध.

जुन्या योजनेत पेन्शनसाठी किमान १० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला मोजली जाणारी, सेवा लागते. त्याखाली फक्त सेवा उपदान (एकरकमी ग्रॅच्युइटी). स्वेच्छानिवृत्ती नियम ६६ खाली, २० वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस. इथे एका शब्दाने घर बुडतं. वैतागून अर्जात ‘राजीनामा’ लिहिला की नियम ४६ लागतो आणि मागची सगळी सेवा जप्त. २४ वर्षं नोकरी केलेला हवालदारही त्यातून सुटत नाही. अर्जावर ‘नियम ६६ अन्वये स्वेच्छा सेवानिवृत्ती’ असंच लिहायचं, आणि नोटीस देण्याआधी अर्हताकारी सेवेचा हिशेब आस्थापनेकडून लेखी घ्यायचा. पोलीस पाटील आणि होमगार्ड दोघेही मानधनावर, या पेन्शनमध्ये ते येत नाहीत.

नोकरीची वर्षं आणि अर्हताकारी वर्षं यांत फरक पडतो तो पोलीस खात्यात जास्तच. गैरहजेरीचे दिवस अकार्य दिन, म्हणजे सेवेत न मोजायचे दिवस, धरले की वजा. वैद्यकीय दाखल्याविना घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा सहसा वजा. निलंबन उठलं, माणूस कामावर आला, पगार सुरू झाला म्हणून सगळे निश्चिंत होतात. पण अंतिम आदेशात ‘निलंबन कालावधी हा निलंबन कालावधीच समजण्यात यावा’ असं वाक्य असेल तर तो काळ पेन्शनला मोजत नाहीत. आदेशच निघालेला नसेल तर आणखी वाईट, कारण मग महालेखापाल विचारतात आणि वीस वर्षांपूर्वीचा कसुरी (शिस्तभंगाच्या कागदांचा) गठ्ठा रेकॉर्ड रूममध्ये शोधावा लागतो.

म्हणून सेवापुस्तक. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी ते हातात घेऊन पान पान पाहावं. दर वर्षाच्या नोंदीखाली ‘वेतनपटावरून सेवा पडताळणी केली’ असा शेरा आणि सही हवी. नेमकी बदलीच्या वर्षी ही ओळ गायब असते. राज्य राखीव पोलीस दलातून जिल्ह्यात आलेल्यांचं तर हमखास: गटाने वाटलं जिल्हा करेल, जिल्ह्याला वाटलं गटाने केली. त्या वर्षाची पडताळणी जुन्या घटकाकडून वेतनपटाच्या आधारे करून आणावी लागते, आणि पत्रव्यवहार बारनिशीतून (आवक-जावक शाखेतून) जाऊन परत यायला महिने लागतात. पहिल्या पानावरचं नाव, जन्मतारीख आणि आधार, पॅन, बँक खातं यांचा मेळ तेव्हाच घालून घ्यावा. पत्नीच्या नावात हमखास घोळ निघतो. कुटुंबाच्या तपशिलात लग्नानंतरचं नाव, आधारवर माहेरचं. हा फरक आज राजपत्राने किंवा प्रतिज्ञापत्राने मिटतो. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी तो मिटवायला ती एकटी असते.

वेतनपडताळणी पथकाचं काम नेमकं असतं, आणि तिथूनच वसुली निघते. ठरलेली कारणं तीन: आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनाचा) लाभ चुकीच्या तारखेने दिलेला, सातव्या आयोगात १ जानेवारी २०१६ ऐवजी पुढच्या वेतनवाढीचा पर्याय घेऊन निश्चिती चुकलेली, आणि नक्षलग्रस्त भागातली एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचं वेतन. ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाचा हा लाभ त्या भागात असेपर्यंतच आहे. गडचिरोलीतून बदली झाली की मूळ वेतनावर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या प्रत्येक वेतनवाढीत चूक वाढत जाते. वसुली निघालीच तर पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा निकाल पुढे करता येतो: तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्यांकडून, तसंच एका वर्षाच्या आत निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असं वचनपत्र दिलेलं असेल तर समोरचा पक्ष २०१६ चा जगदेव सिंग निकाल काढतो. वचनपत्राची प्रत आधी पाहा, मगच वकील गाठा.

केस महालेखापालांकडे निवृत्तीच्या सहा महिने आधी जायला हवी. कोकण, पुणे, नाशिक विभाग मुंबईला; विदर्भ, मराठवाडा नागपूरला. केस स्वच्छ असेल तर इथे अडचण येत नाही. पेन्शनचा पीपीओ, उपदानाचा जीपीओ आणि अंशराशीकरणाचा (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घेण्याचा) सीपीओ असे तीन आदेश निघतात. शेवटचं मूळ वेतन ५६,००० आणि पूर्ण पेन्शनइतकी सेवा धरली तर पेन्शन २८,०००. त्यातला ४० टक्के भाग, म्हणजे ११,२००, विकला आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी असेल तर ८.३७१ च्या गुणकाने सुमारे ११ लाख २५ हजार एकरकमी. हाती १६,८०० उरतात, पण महागाई वाढ पूर्ण २८,००० वर मिळते. विकलेला भाग १५ वर्षांनी परत जोडला जातो. ती तारीख डायरीत लिहून ठेवावी. उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली आहे. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांनी १ जुलैची काल्पनिक वेतनवाढ धरली आहे का, हे नमुना ६ मध्येच (पेन्शनच्या हिशेबाच्या फॉर्ममध्ये) तपासावं.

कोषागाराचा अनुभव सगळ्यात सरळ. मुंबईत हे काम अधिदान व लेखा कार्यालय करतं. ओळख तपासणीला एकदा जावं लागतं: मूळ ओळखपत्रं, फोटो, बँक पासबुक. पुढे महिन्याचा हिशेब महाकोशच्या निवृत्तिवेतनवाहिनीवर दिसतो. दिसायला जुनाट आहे, पण आकडे बरोबर असतात. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, जीवन प्रमाणवरून घरबसल्याही चालतो.

विभागीय चौकशी किंवा फौजदारी खटला चालू असताना निवृत्ती आली तर नियम १३० खाली तात्पुरती पेन्शन सुरू होते, उपदान निकालापर्यंत थांबतं आणि अंशराशीकरणही मिळत नाही. सरकारी क्वार्टर सोडलं नसेल तर नादेय (काही देणं बाकी नसल्याचा) दाखला अडतो आणि थकलेलं भाडं उपदानातून कापतात. किटचा हिशेब मुख्यालयात आधीच चुकता करावा, ते काम दोन दिवसांचं आहे.

एनपीएसवाल्यांची व्यवस्था अजून कच्ची. स्वतःचे १० टक्के आणि एप्रिल २०१९ पासून शासनाचे १४ टक्के जमा होतात. २०१५ पूर्वीच्या अंशदानाचे हप्ते प्रानच्या (एनपीएस खाते क्रमांकाच्या) उताऱ्यात व्याजासह आले का, हे महिन्यावार जुळवावं. तुटलेला हप्ता दाखवायला त्या महिन्याची वेतनचिठ्ठी लागते. सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन आणि उपदान ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने त्यांनाही लागू झालं आहे. हे अजून पुष्कळ घरांना माहीत नाही.

प्रशासकीय कारणाने उशीर झाला तर नियम १२९-अ खाली उपदानावर आणि १२९-ब खाली पेन्शनवर व्याज मागता येतं. आपोआप कोणी देत नाही. कार्यालयप्रमुखाच्या नावे अर्ज करावा, केस कुठल्या तारखेला कुठे होती याचे जावक क्रमांक जोडावेत आणि पोच घ्यावी.