लाल मिनीबसच्या पाट्या: याउ मा तेईमधील एका छोट्या दुकानाविषयी

हाँगकाँगच्या कौलून भागातील याउ मा तेई वस्तीत, जॉर्डन मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मिनीबसच्या पाट्या हाताने रंगवून देणारे एक छोटे दुकान आहे. चिनी हस्तलिखित पाट्यांची आवड असलेले पर्यटक बहुधा २०२१ साली सुरू झालेल्या एम प्लस संग्रहालयातील निऑन फलक पाहून समाधान मानतात. मला मात्र संग्रहालयापेक्षा हे दुकान अधिक महत्त्वाचे वाटते, कारण येथील अक्षरांचे वळण रस्त्यावरच्या गरजेतून घडले आहे.

ही गरज समजून घेतल्याशिवाय पाट्यांची पारख करता येत नाही. मिनीबसला १९६९ साली अधिकृत परवानगी मिळाली. पुढे हिरव्या छताच्या बसना ठरलेले मार्ग, क्रमांक आणि भाडे लागू झाले, तर लाल छताच्या बसना मार्ग बदलण्याची मोकळीक राहिली, आणि म्हणूनच दर्शनी काचेमागे काढता-घालता येणारी पाटी त्यांना आवश्यक ठरली. एसटीच्या काचेमागची पाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही सोय वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अक्रिलिकच्या पांढऱ्या पाटीवर शेवटच्या ठिकाणाचे नाव मोठ्या लाल अक्षरांत आणि वाटेतील ठिकाणे लहान निळ्या अक्षरांत लिहिण्याची येथील रीत आहे.

खरे कसब जागेच्या वाटणीत आहे. मोंग कॉक या नावाच्या दोन अक्षरांत मिळून १५ रेघा आहेत, तर त्सुएन वान या नावाच्या एकट्या शेवटच्या अक्षरात २५. तरीही दोन्ही पाट्या पदपथावरून हात दाखवणाऱ्या प्रवाशाला रात्रीच्या वेळी, धावत्या बसवर, सारख्याच ठसठशीतपणे वाचता आल्या पाहिजेत. त्यासाठी दाटीच्या अक्षरातील आतल्या रेघा बारीक करून मधली पांढरी जागा मोकळी ठेवावी लागते, आणि विरळ अक्षराच्या रेघा जाड करून ते भरीव करावे लागते. संगणकावर सरसकट ताणलेल्या अक्षरांत हा विचार नसतो. हाताने रंगवलेली आणि संगणकावर केलेली पाटी शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. येथील लाल अक्षरे मला अतिशय आवडली, निळी थोडी घाईची वाटली, पण बसवरही ती दुय्यमच असतात.

रस्त्यावर टांगलेले जुने फलक इमारतविषयक सुरक्षा नियमांमुळे उतरवले जात आहेत. मिनीबसच्या पाटीवरचे संकट निराळे आहे. मिनीबसची एकूण संख्या ४,३५० वर मर्यादित आहे, त्यांतील बहुसंख्य आता हिरव्या आहेत, आणि जागोजागी एलईडी फलक आले आहेत. साहजिकच असे दुकान आज बसचालकांपेक्षा हौशी गिऱ्हाइकांवर अधिक अवलंबून आहे, आणि त्यांच्यासाठी कीचेन, लहान पाट्या आणि सांगाल तो मजकूर रंगवलेल्या पाट्या येथे मिळतात. याला संवर्धन म्हणावे का, असा प्रश्न पडतो. विक्री होत राहिली तर हात चालू राहील, हे खरे. परंतु गमतीदार शुभेच्छा लिहिलेल्या बोटभर कीचेनवर ती जागेची वाटणी दिसतच नाही, कारण ते अक्षर लांबून वाचले जाण्यासाठी नसतेच. (आपले नाव चिनी अक्षरांत लिहून घेण्याचा मोहही मला फारसा समजत नाही.)

म्हणून माझी शिफारस पूर्ण आकाराच्या, खऱ्या ठिकाणाचे नाव असलेल्या पाटीची आहे, आणि त्यातही भरपूर रेघांचे एखादे नाव निवडावे. त्सुएन वान किंवा क्वुन तोंग उत्तम. अक्रिलिक कडक असल्याने ती प्रवासात कपड्यांच्या मधोमध ठेवावी. सांगून करून घ्यायच्या पाटीसाठी मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी जाऊ नये.