उरेब कडा, गोधडीची बॉर्डर आणि वॉकिंग फूट: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर

वॉकिंग फूट, म्हणजे शिलाई मशीनला वेगळा लावायचा, स्वतःचे दात असलेला पाय, लावला की गोधडीची बॉर्डर आपोआप सपाट बसते, असं सांगूनच दुकानदार तो विकतात. मे महिन्यापासून दिवाळीच्या ऑर्डरींपर्यंत सगळं काम त्यावर काढल्यावर माझं मत असं: फूट चांगला आहे, पण उरेब (तिरक्या कापलेल्या, सहज ताणणाऱ्या) कडांचा निम्माच प्रश्न सोडवतो. तो निम्मा कोणता हे आधी कळलं तर पैसे वसूल, नाहीतर चिडचिड.

माझं मशीन साधं घरगुती, कापड बहुतेक नागपूरच्या गांधीबाग बाजारातलं सुती, अधूनमधून गिऱ्हाइकांच्या जुन्या साड्या. फुटाला स्वतःचे दात असतात आणि बाजूला एक दांडी. ती सुईच्या स्क्रूवर बसते. सुई वर-खाली होते तशी दांडी हलते आणि वरचे दात वरचं कापड मागे सरकवतात. खालचे दात मशीनचे आहेतच. त्यामुळे दोन्ही थर बरोबरीने पुढे जातात. साध्या फुटाखाली तसं होत नाही. तिथे खालचं कापड जास्त ओढलं जातं आणि वरचं मागे रेंगाळतं.

आता उरेबाचं बघा. कापड उभ्या धाग्यात जवळजवळ ताणत नाही, आडव्यात थोडं ताणतं, आणि पंचेचाळीस अंशात कापलं की सगळ्यात जास्त. चौकोन तिरके मांडलेल्या गोधडीत कडेला जे त्रिकोण येतात, ते लहान चौकोन एकदाच तिरका कापून केले की उरेब बाजू नेमकी बाहेर येते. पावसाळ्यात एक ताई असाच टॉप (गोधडीचा वरचा, तुकडे जोडलेला थर) जोडून घेऊन आल्या. आठ इंची चौकोन, तिरके, कोपऱ्याला कोपरा लावून एका ओळीत पाच. टॉप मधोमध मोजला तर सत्तावन्न इंच, कडेला अठ्ठावन्नच्या आसपास. आधीच्या एका गोधडीची बॉर्डर त्यांनी कडेच्या मापाने लावली होती, तीही दाखवायला आणलेली. म्हणाल्या, "काऊन असं होते ताई? हे तं झालरीवानी झालं न!" होणारच. कड ताणलेली, बॉर्डर त्याच ताणलेल्या मापाची, मग ती लाटा मारणार नाही तर काय.

म्हणून बॉर्डरचं माप कडेला घ्यायचंच नाही. टॉपच्या मधून आणि दोन्ही बाजूंना थोडं आत, असं तीन ठिकाणी मोजायचं, सरासरी काढायची आणि समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापायच्या. पट्टी उभ्या धाग्यात, म्हणजे किनारीला समांतर. जुन्या लुगड्याचा काठ मिळाला तर मी तोच घेते, कारण तो मुळातच साडीच्या लांबीत विणलेला, सहसा ताणत नाही. (रंग सोडतो का, ते मात्र ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसून बघा.) मग पट्टी आणि कड दोन्हींचे चार-चार भाग करून खुणा जुळवायच्या, टाचण्या लावायच्या.

इथेच वॉकिंग फूट कमी पडला. कडेचा तो इंचभर जास्तीचा भाग पट्टीत जिरवायचा असतो आणि हा फूट दोन्ही थर सारखे पुढे नेतो, त्यामुळे जास्तीचं कापड ढकलत ढकलत टाचणीपाशी आलं आणि तिथे चुणी पडली. तेवढं उसवलं, साधा फूट चढवला, उरेब कड खाली ठेवली. मशीनच्या दातांनी ती ओढून घेतली, चुणी न पडता जिरली. बॉर्डर सपाट.

वॉकिंग फुटाची खरी करामत त्याच्या आधी आहे. टॉप जोडून झाला की लगेच, फार हाताळण्याआधी, कडेपासून एक अष्टमांश इंचावर एक साधी टीप मारून घ्यायची. साध्या फुटाच्या दाबाने ही टीप मारतानाच उरेब कड लांबते, वॉकिंग फुटाखाली ती जवळपास जशीच्या तशी राहते. ताणून झालेली कड तो आखडत नाही, पण अजून ताणू देत नाही. नंतर कापसासकट तिन्ही थरांवर टिपा मारताना आणि शेवटी कडेची पट्टी लावताना तर त्याच्याशिवाय आता माझं पान हलत नाही.

खळीचा अनुभवही सांगते. कापण्याआधी कापडाला कडक खळ दिली की उरेब बरीच शांत राहते. नागपूरच्या मे महिन्यात खळ दिलेलं कापड बघता बघता वाळतं. पावसाळ्यात तेच दमट राहतं, आणि खळीसकट ठेवलेल्या कापडाला कसर लागते, म्हणून गोधडी झाली की धुवूनच द्यायची. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची.

हे सगळं टाळायचं असेल तर कडेचे त्रिकोणच नीट कापा. शिवून झाल्यावर आठ इंची राहणाऱ्या चौकोनासाठी १२ ५/८ इंचाचा मोठा चौकोन घ्या आणि दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करा. मग सरळ धागा बाहेर राहतो. कोपऱ्यांसाठी मात्र ६ ५/८ इंचाचे दोन चौकोन, एकेकदाच तिरके कापलेले.

तक्रारी: खडखड आवाज करतो, दुपारी घरात कुणी झोपलेलं असेल तर विसरा. उलट टीप त्यावर मारू नये. पाव इंचाची खूण नाही, मी मशीनवर चिकटपट्टी लावलीय. सुईचा स्क्रू हाताने आवळला तर धक्क्यांनी सैल होतो, स्क्रूड्रायव्हरच घ्या. माझ्या फुटाची प्लास्टिकची दांडी झिजायला लागलीय, आणि डब्यावर कंपनीचं नावच नाही, मग दाद कुणाकडे मागणार?

पाचपैकी साडेतीन. ब्लाउज-परकरच शिवत असाल तर नको. गोधड्या करत असाल तर घ्या, पण सीताबर्डीला जाताना मशीनचा जुना फूट सोबत न्या आणि उंची जुळवून बघा. जुन्या काळ्या पायमशीनवर तो बसेलच असं नाही.